लेखणीसारखी धरलेली बॅट

मनुष्य दुसऱ्यास शिकवू लागला म्हणजे त्यास हळूहळू असे वाटू लागते की, ज्या रीतीने आपण शिकलो तीच एक शिकण्याची रीत होय. शिक्षकाच्या धंद्यात वीसएक वर्षे काढल्यावर हा दोष आमच्या अंगी किती मुरला आहे, हे आम्हांस कोणा विद्वानाच्या ग्रंथाने नव्हे, तर टेबल टेनिसच्या एका मोडक्या बॅटीने दाखवून दिले. ती हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सांगावी असे पुष्कळ दिवस मनात होते. संपादकांनी यंदा मराठी विभागासाठी काही लिहून मागितले, तेव्हा ही संधी साधली.

उल्हास नदीच्या काठच्या आमच्या दहिवलीस पाऊस कसा पडतो, हे येथील वाचकांस सांगणे नको. मृगाचे ढग एकदा सह्याद्रीला टेकले म्हणजे शाळेच्या मैदानाचे तळे होते आणि क्रिकेट, खोखो, लंगडी ही सर्व मंडळी दसऱ्यापर्यंत रजेवर जातात. अशा दिवसांत मुलांच्या अंगातील वारे जिरविण्यास एकच ठिकाण उरते, ते म्हणजे सभागृहातील टेबल टेनिसचे टेबल. टेबल २.७४ मीटर लांब, मधल्या जाळीची उंची अवघी १५.२५ सेंटिमीटर, आणि चेंडूचे वजन २.७ ग्रॅम, इतक्या थोडक्या सामग्रीवर पंचवीस मुले चार महिने आनंदात राहतात, हा खेळ शोधणाऱ्याचा मोठाच उपकार म्हटला पाहिजे. या टेबलाची व्यवस्था आमच्याकडे आहे. आम्ही वसतिगृहात शिकत असताना हा खेळ बऱ्यापैकी खेळत होतो, एवढीच आमची पात्रता.

बॅट धरण्याच्या मुख्य रीती दोन. एका रीतीत, भेटीस आलेल्या गृहस्थाचा हात हाती घ्यावा तशी बॅटीची मूठ धरतात. तीस खेळाडू शेकहँड म्हणतात. दुसऱ्या रीतीत, अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत मूठ घेऊन बॅटीचे पाते खाली लोंबते ठेवतात, बाकीची तीन बोटे पात्याच्या पाठीला टेकतात, आणि सारा हात आपण कित्ता गिरवीत असल्यासारखा दिसतो. हिचे नाव पेनहोल्ड, म्हणजे लेखणीची पकड. आम्ही पहिल्या रीतीत वाढलेलो. दुसरी रीत जपान व चीन या देशांकडची, आपल्या मुलांच्या कामाची नव्हे, असे आमचे ठाम मत होते. ते आम्ही कोठून घेतले होते, हे आज आठवू गेल्यास आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आठवीतील एक मुलगा टेबलापाशी येऊ लागला. अंगाने किरकोळ, बोलण्यास कमी. त्याच्या हाती बॅट दिली, तो त्याने ती लेखणीसारखी धरली. आम्ही त्याची बोटे सोडवून मुठीभोवती नीट बसवून दिली. दोन चेंडू खेळून होतात न होतात, तो बोटे पुन्हा आपल्या जागी. आम्ही पुन्हा बसवून दिली. असे पंधरा दिवस चालले. एकदा तर सर्व मुलांदेखत आम्ही त्यास म्हणालो, "अरे, हा शुद्धलेखनाचा तास नव्हे." मुले हसली. आम्हांसही आपल्या विनोदाचे थोडे कौतुक वाटले. मुलगा मात्र हसला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तो टेबलाकडे फिरकला नाही.

वास्तविक ही चूक करण्यास आम्हांस काही निमित्त नव्हते. आमचे आजोबा कर्जतला रेल्वेत नोकरीस होते. १९५२ च्या फेब्रुवारीत मुंबईस या खेळाच्या जागतिक अजिंक्यपदाचे सामने झाले, ते त्यांनी एक दिवस रजा काढून पाहिले होते. आशिया खंडात हे सामने भरण्याची ती पहिलीच वेळ, आणि जपानचा संघही त्यांत प्रथमच उतरलेला. तोपर्यंत बॅटीला बारीक दाण्यांचे रबर लावीत आणि चेंडू टाळी वाजविल्यासारखा वाजे. जपानच्या हिरोजी सातो यांनी आपल्या बॅटीला जाड स्पंज लावून आणला होता. चेंडू त्यावर आवाज न करता बसे आणि अनपेक्षित वेगाने परत जाई. कानाने चेंडू ओळखण्याची सवय असलेले मोठमोठे खेळाडू गोंधळून गेले. अखेरच्या सामन्यात हंगेरीच्या कोचियान यांस हरवून सातो जगज्जेते झाले. "आवाजच येत नव्हता रे," एवढे एक वाक्य आजोबा आम्हांस नातवंडांपुढे पुनःपुन्हा उच्चारीत. पुढे १९५९ साली रबर व स्पंज मिळून जाडी ४ मिलिमीटरहून अधिक नसावी असा निर्बंध आला. परंतु स्पंज राहिला तो राहिलाच. त्या काळी जपानात लेखणीची पकडच रूढ होती. त्याच पकडीने इचिरो ओगिमुरा यांनी १९५४ व १९५६ साली जगज्जेतेपद मिळविले, आणि चीनचे च्वांग त्स-तुंग यांनी १९६१, १९६३ व १९६५ असे लागोपाठ तीनदा. नवी वस्तू व परकी रीत पाहून हसणाऱ्यांची फजिती कशी होते, याची गोष्ट आमच्या घरातच सांगितली जात होती. ती ऐकून वाढलेले आम्ही, प्रसंग येताच हसणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.

महिनाभराने पालकांच्या भेटीसाठी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. वडील सुतारकाम करतात. पडवीत दोन फळ्या लाकडी घोड्यांवर आडव्या टाकल्या होत्या आणि मधोमध विटांची ओळ मांडून जाळी केली होती. तेथे तो मुलगा धाकट्या बहिणीबरोबर खेळत होता. त्याच्या हातातील बॅट आम्ही ओळखली. ती आमच्या शाळेची होती. तीन वर्षांपूर्वी तिची मूठ निखळून मोडली, म्हणून आम्हीच ती केरात टाकण्यास सांगितले होते. बोटाएवढे खुंट तेवढे शिल्लक होते. ते खुंट मुठीत धरणे कोणासही शक्य नव्हते. ते केवळ चिमटीतच धरता येई.

वडील म्हणाले, "पाचवीत होता तवा शाळेच्या मागं सापडली म्हणून घेऊन आला, सर. मी म्हटलं, मूठ बसवून देतो. तर नको म्हणाला. हाताला बसलीय म्हणाला."

आम्ही काय बोलणार? ज्या सवयीबद्दल आम्ही त्याची थट्टा केली, ती सवय त्यास आम्हीच टाकून दिलेल्या वस्तूने लावली होती. आमच्या टेबलापर्यंत येण्याचे धैर्य होण्यापूर्वी तीन वर्षे हा मुलगा आमच्याच केरातील बॅटीवर शिकत होता, आणि तो काय शिकला हे आम्ही एकदाही पाहिले नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही त्याची क्षमा मागितली. मुलाची क्षमा मागणे शिक्षकास जड जाते हे खरे. परंतु प्रार्थनेच्या वेळी रोज जी गोष्ट आपण देवाजवळ मागतो, ती एखादे वेळी मुलाजवळही मागावी लागते.

नुसती क्षमा मागून भागत नाही म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही मुंबईची गाडी धरली. कर्जतपासून सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास करून धोबी तलावावरील खेळाच्या सामानाची दुकाने पालथी घातली. शेकहँडच्या बॅटी भिंतभर टांगलेल्या. पेनहोल्डची एखादीच, तीही खणाच्या तळाशी. दुकानदार जाणता होता. त्याने दोन तऱ्हा समजावून दिल्या. जपानी तऱ्हेचे लाकूड म्हणजे हिनोकी नावाच्या झाडाची एकसंध, जाड फळी. मुठीवर तर्जनी अडकविण्यास बुचाचा उंचवटा. हलक्या हाताने खेळल्यास ती चेंडू अलगद धरते आणि जोराने मारल्यास तोफेसारखी फेकते. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये कोरियाच्या र्‍यू सुंग-मिन यांनी याच तऱ्हेच्या बॅटीने सुवर्णपदक जिंकले. चिनी तऱ्हेचे लाकूड म्हणजे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेले, बहुधा पाच थरांचे. पाते गोलसर, मूठ आखूड. ते किंचित लवते, म्हणून वेग थोडा कमी परंतु चेंडूवर ताबा अधिक. मुलाचे वय व मनगट पाहून आम्ही दुसरे घेतले. वजन पंचाऐंशी ग्रॅमच्या आसपास भरले.

वजनाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. शेकहँडच्या खेळात बॅटीचा भार सर्व पंजा मिळून उचलतो. लेखणीच्या पकडीत तो दोन बोटांवर व मनगटावर येतो, आणि पाते खाली लोंबत असल्यामुळे हाताला तो आहे त्याहून अधिक भासतो. कापून लावलेले एक रबर चाळीस ते पन्नास ग्रॅम भरते. दोन्ही बाजूंस रबर लावले तर लहान मुलाचे मनगट अर्ध्या तासात थकून जाते. म्हणून आम्ही एकाच बाजूस काळे रबर लावले व पाठ कोरी ठेवली. या कोऱ्या पाठीने पुढे आमची कशी फजिती केली, ते लवकरच येईल.

नवी बॅट हाती घेऊन मुलगा दोन दिवस खेळला आणि तिसऱ्या दिवशी तर्जनीला फोड घेऊन आला. पात्याची कड जेथे मुठीला मिळते, तेथील दोन्ही खांदे धारदार होते, ते बोटात रुतत. वडिलांनी ती बॅट हातात फिरवून पाहिली आणि मुलास चुलीतील कोळसा आणण्यास सांगितले. कोळशाची पूड बोटांना फासून त्यास बॅट नेहमीसारखी धरावयास लावली, चार फटके हवेत मारावयास लावले, आणि मग बॅट काढून घेतली. लाकडावर अंगठ्याचा व तर्जनीचा काळा ठसा उमटला होता.

"काळं उमटलंय तेवढंच काढायचं. बाकीच्या लाकडाला हात लावायचा नाही," असे म्हणून त्यांनी कानशीने खांदे उतरविले, वरून काचकागद फिरविला, आणि पुन्हा कोळसा लावून पाहिला. तीन वेळा असे केले. तिसऱ्या वेळी ठसा सारखा उमटला, कोठे गडद कोठे फिका असा राहिला नाही. आम्ही शेजारी बसून पाहत होतो. पंधरा दिवस आम्ही मुलाच्या बोटांना बॅटीप्रमाणे वळविण्याचा खटाटोप केला होता. या गृहस्थाने पंधरा मिनिटांत बॅट बोटांप्रमाणे वळविली.

ती बॅट कशी चालते, हे जाणण्यासाठी आम्ही स्वतः काही दिवस तिने खेळलो. पहिली गोष्ट ध्यानात आली ती मनगटाची मोकळीक. सर्व्हिस करताना मनगट पुढे, मागे, आत, बाहेर असे चारी अंगांनी वळते, आणि त्याच एका हालचालीतून चेंडूस निरनिराळी फिरकी देता येते. जाळीजवळ पडणारा आखूड चेंडू, जो शेकहँडने उचलताना हात अवघडतो, तो या पकडीत बोटाने टिचकी मारावी तसा परतविता येतो. दुसरी गोष्ट अशी की, चेंडू उजवीकडे येवो की डावीकडे, परतविणारी बाजू एकच. शेकहँडच्या खेळाडूस चेंडू नेमका कोपरावर आला म्हणजे कोणती बाजू पुढे करावी याचा क्षणभर संभ्रम पडतो. येथे तो प्रश्न उद्भवत नाही. टेबलाजवळ उभे राहून आलेला चेंडू नुसता अडविणे हेही सोपे, कारण पाते अंगासमोर ढालीसारखे उभे राहते.

परंतु डाव्या कोपऱ्यात खोल चेंडू आला की आमचा धीर सुटे. तेथे मनगट उलटे वळवून जोराचा फटका मारणे जवळजवळ अशक्य. आम्ही हात लांबवीत असू आणि चेंडू निघून जाई. चारपाच वेळा असे झाल्यावर तो मुलगा, जो आमच्यासमोर तोंड उघडीत नसे, हळूच म्हणाला, "सर, तिथं हात नाही न्यायचा. पाय न्यायचे." आणि त्याने करून दाखविले. चेंडू डावीकडे येतो असे दिसताच तो दोन पावलांत टेबलाच्या डाव्या बाजूबाहेर गेला आणि तोच चेंडू आपल्या उजव्या अंगाला घेऊन सरळ मारला. ही पकड हातास जे सुख देते, त्याचे मोल पायांकडून वसूल करते, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्याकडून शिकलो. पडवीत त्याच्या डावीकडे भिंत नव्हती, उजवीकडे होती. म्हणून डावीकडे धावण्याची सवय त्यास आपोआप लागली होती.

आता फजितीची गोष्ट. त्याच वर्षी एका आंतरशालेय स्पर्धेसाठी आम्ही चार मुले घेऊन गेलो. याचा सामना सुरू होण्यापूर्वी पंचांनी बॅट पाहिली, उलटी केली, आणि बाजूस ठेवली. नियम असा आहे की, बॅटीची एक बाजू काळी व दुसरी काळ्याहून आणि चेंडूहून स्पष्ट वेगळ्या भडक रंगाची असली पाहिजे; एखाद्या बाजूस रबर नसले तरी रंग हवाच, मात्र त्या कोऱ्या बाजूने चेंडू मारता येत नाही. आमची पाठ नुसत्या लाकडाची. पंचांचे काहीच चुकले नाही. नियमांची पुस्तिका आमच्या कपाटात होती. ती उघडून पाहण्याचे काम आमचे होते, मुलाचे नव्हे. पंचांनी दुसरी बॅट आणण्यास सवलत दिली. मुलाने शेजारच्या मुलाची शेकहँडची बॅट मागून घेतली. लांब मूठ त्याच्या मनगटास टोचत होती, दोन रबरांचा भार होता, तरी त्याने ती लेखणीसारखीच धरली व पाच डाव खेळला. पाचवा डाव ११ विरुद्ध ९ असा गेला. तो हरला.

परतीच्या गाडीत आम्ही त्याच्याशेजारी बसलो. "चूक माझी झाली," असे आम्ही म्हणालो. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. नेरळ मागे पडल्यावर म्हणाला, "सर, मागं लाल रंग दिला तर चालेल ना?" तक्रारीचा एक शब्द नाही. ज्याची एकदा थट्टा केली व एकदा ज्याचे नुकसान केले, तो मुलगा आम्हांस पुढचे काम सांगत होता. आपणांस पुढे काही सुचेना, तेव्हा लेकरांच्या मुखाने मार्ग कळावा, हे आम्ही पवित्र शास्त्रात पुष्कळदा वाचले होते. त्या दिवशी ते नेरळ व भिवपुरीच्या दरम्यान अनुभवले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी पाठीला चकाकी नसलेला तांबडा रंग दिला. त्याचा आणखी एक उपयोग झाला. आमच्याकडील श्रावणभादव्याच्या हवेत उघडे लाकूड दमट होते. रंगाने ते बंद झाले. रबराचे मात्र जपावे लागते. दमट हवेत त्याच्या पृष्ठावर ओल धरते व चेंडू फिरकी न घेता घसरतो. म्हणून मुलगा दर डावानंतर ते सदऱ्यास न पुसता स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसतो आणि खेळ संपल्यावर बॅट पत्र्याच्या डब्यात ठेवतो. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत त्याने दोन सामने जिंकले व तिसऱ्यात हरला. जिंकणारा मुलगा सरस होता.

आता तो दहावीत आहे, मनगट भरले आहे, आणि एक नवा प्रश्न उभा आहे. चीनचे ल्यू क्वो-ल्यांग यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस पात्याच्या पाठीलाही रबर लावून, मनगट वळवून, पाठीनेच डाव्या बाजूचा फटका मारण्यास आरंभ केला व १९९६ साली अटलांटाचे सुवर्णपदक मिळविले. वांग हाओ यांनी ती कला पूर्णत्वास नेली आणि २००९ साली ते जगज्जेते झाले. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये फेलिक्स लेब्रन नावाच्या सतरा वर्षांच्या फ्रेंच मुलाने याच पकडीने कांस्यपदक पटकावले. म्हणजे ही पकड पूर्वेकडचीच, हे आमचे मतही आता निकालात निघाले. आमच्या मुलाने पाठीला लाल रबर लावावे काय? डावा कोपरा सुरक्षित होईल. परंतु चाळीसपन्नास ग्रॅम भार वाढेल, आणि पायांची ती सुंदर धाव कदाचित मंदावेल.

दोन वर्षांपूर्वी आम्ही याचे उत्तर तत्काळ दिले असते. यंदा आम्ही रबर आणून त्याच्या हाती दिले आणि, "तू महिनाभर खेळून पाहा, मग मला सांग," एवढेच म्हटले. त्याने अद्याप काही सांगितलेले नाही. आम्ही वाट पाहत आहोत.

आईबापांस व आमच्या व्यवसायबंधूंस विनंती एवढीच की, मुलाचा हात आपल्या रीतीने वळत नाही असे दिसले, तर त्यास दटावण्यापूर्वी तो हात कोठे व कशावर घडला हे एकदा त्याच्या पडवीत जाऊन पाहावे. विद्यार्थ्यांस सांगणे हे की, तुमच्या हाती मोडके साधन आले असेल, तर त्याची लाज धरू नका. परंतु नियमांची पुस्तिका मात्र वेळेवर वाचा, आणि तुमच्या शिक्षकांनी ती वाचली आहे की नाही, हेही नम्रपणे विचारून घ्या.

ती मूठ मोडलेली जुनी बॅट आम्ही त्या मुलाकडे मागितली होती. शाळेच्या कपाटात चषकांशेजारी ठेवावी असा विचार होता. त्याने ती दिली नाही. बहीण तिच्यावर शिकत आहे.